हात लागलेले कागद

सुज्ञ वाचकहो, एका अत्यंत लोकप्रिय चित्रकला-शिक्षकांवर माझ्या कन्येने विद्यार्थिदशेत जो माहितीपट केला त्याची हकिकत, आणि तो होत असताना माझ्या अंतःकरणात जे विष हळूहळू चढत गेले त्याचे वर्णन, ही दोन्ही मी येथे एकत्रच सादर करणार आहे. कारण ती वेगळी काढता येत नाहीत, मी प्रयत्न करून पाहिला आहे. हे गौरवलेखन नव्हे. गौरव ज्यांना हवा असेल त्यांच्यासाठी त्यांच्या कला-विद्यालयाने स्मरणिका काढलेली आहे. ती जाडजूड आहे, तिच्यात त्या गृहस्थांची छायाचित्रे पानोपानी आहेत आणि एकाही छायाचित्रात ते वाईट दिसत नाहीत. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे शिक्षण मी व्यासपीठाच्या कडेला उभे राहून, दुसऱ्यांची भाषणे ऐकून घेतले, कारण समारंभांना ध्वनिक्षेपक पुरवणे आणि यजमानांनी सांगितल्यास निवेदनही करणे हा माझा व्यवसाय आहे. तेव्हा भाषेत कुठे जास्तीचे अलंकार आढळल्यास ते त्या व्यासपीठांचे समजावेत. राग मात्र संपूर्णपणे माझा स्वतःचा आहे.

त्या सकाळी मी बाहेरच्या खोलीत बसून आदल्या दिवशीच्या समारंभाची वायर गुंडाळत होतो. वायर कोपर आणि अंगठा यांच्यामधून न्यावी लागते आणि दर फेऱ्याला मनगट किंचित उलटे फिरवावे लागते, नाहीतर पुढच्या वेळी ती पीळ धरून बसते. हे काम करताना माझे डोके रिकामे असते, आणि रिकामे डोके हे मला लाभलेल्या फार थोड्या सुखांपैकी एक आहे. कन्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या बोटांना नेहमीसारखी शिसाची काळी झाक होती.

"बाबा, कामात आहात?"

"दिसतंय ना."

"तुमचा आवाज हवाय मला."

वाचकहो, आमच्या घरात माझ्या आवाजाविषयी आजवर एकच मागणी झालेली होती, ती म्हणजे तो जरा कमी करावा. जेवताना, फोनवर, शेजाऱ्यांशी बोलताना, सर्वत्र. म्हणून तिचे ते चार शब्द कानावर पडताच माझ्या गळ्यात काहीतरी उबदार हलले, जसा एखाद्या बंद पडलेल्या यंत्राचा दिवा वीज आल्यावर स्वतःहून लागावा. मी विचारले, कशाला. ती म्हणाली, "फिल्मला. शेवटच्या वर्षाची फिल्म आहे ना माझी. निवेदन तुम्ही करायचं. मी सगळ्यांना सांगून टाकलंय, माझ्या बाबांसारखा आवाज कुणाचाच नाही." मी म्हणालो, कशावर आहे फिल्म. आणि ती हसून म्हणाली, "कशावर नाही बाबा, कुणावर. सरांवर." तिने नाव घेतले नाही. त्या विद्यालयात, त्या रस्त्यावर, आणि दुर्दैवाने आमच्या घरातही, सर म्हटले की एकच मनुष्य डोळ्यांपुढे येतो. माझ्या कोपरावरून वायरचा अख्खा वेढा सुटला आणि जमिनीवर पसरला. "काय झालं?" तिने विचारले. मी म्हणालो, काही नाही, करीन की. हे मी का म्हणालो याचा विचार मी पुढे फार केला. माझा आवाज कुणीतरी मागितला होता, आणि मागणाऱ्याच्या हातात तो ठेवून झाल्यावर मला कळले की तो कुठे जाणार आहे.

त्या गृहस्थांवर प्रेम न करणे हे कष्टाचे काम आहे. मी ते अनेक वर्षे नेटाने करीत आलो आहे. ते कधी ओरडत नाहीत. शिकवलेल्या प्रत्येक मुलाचे नाव त्यांना आठवते, त्याच्या आईचे गुडघे आता कसे आहेत हेही ते विचारतात. कुणाच्या घरी दुःख झाले की ते येऊन कोपऱ्यात बसतात आणि न बोलता निघून जातात. निवृत्त झाल्यावरही ते रोज विद्यालयात येतात आणि त्यांना कुणी येऊ नका म्हणत नाही. असा मनुष्य द्वेष करणाऱ्याला मोठीच अडचण करून ठेवतो, कारण द्वेषाला धरायला कुठेतरी खाच लागते आणि हे गृहस्थ सगळीकडून घासून गुळगुळीत झालेले. मला मात्र एक खाच ठाऊक होती. ते मुलांच्या मागे येऊन उभे राहतात. आधी साबणाचा वास येतो, मग शिसाचा. ते म्हणतात, "बघू." एवढेच. मग स्वतःची ती जाड, मऊ, गडद पेन्सिल काढतात आणि मुलाच्या रेषेवरून आपली रेषा ओढतात. कपाळ असेल तर कपाळ, खांदा असेल तर खांदा. मुलाची रेषा खाली फिकट पडून राहते आणि वर त्यांची. चित्र चटकन उभे राहते, हे मी नाकारत नाही. मुले त्याला 'हात लागला' असे म्हणतात. "माझ्या कागदाला सरांचा हात लागला," असे सांगताना त्यांचे डोळे असे चमकतात की पाहणाऱ्याला वाटावे, यांना काही मिळाले. हात लागलेले कागद कुणी टाकत नाही. ती सर्व मुले ते आयुष्यभर जपतात, काचेखाली घालतात, नव्या घरात जाताना आधी तेच गुंडाळतात.

माझ्याही एका कागदाला तो हात लागला होता. मी शाळा सोडली त्या सुमारास ते विद्यालयात नवीनच लागले होते आणि वस्तीतल्या मुलांसाठी सकाळचा एक मोकळा वर्ग घेत असत. मी माझी आई काढत होतो. आई खिडकीखाली भाजी निवडत बसे तशी, मान जरा एका बाजूला, ओठ एखादा हिशेब मनात चाललेला असावा तसे घट्ट. ते ओठ मला साधत नव्हते. मी पुनःपुन्हा खोडत होतो आणि कागद त्या जागी कापसासारखा झाला होता, पण दर वेळी मी ओठांच्या थोडा जवळ जात होतो, हे मला बोटांत कळत होते. बोटांत काहीतरी कळण्याचा तो अनुभव मला त्यापूर्वी कधी आला नव्हता. मग साबणाचा वास आला. "बघू." त्यांनी कपाळ घेतले, नाक घेतले, ओठ घेतले, हनुवटीवरून पेन्सिल खांद्यापर्यंत नेली, आणि पाठीवर थाप मारून ते पुढच्या मुलाकडे गेले. माझ्यासमोर एक देखणी बाई भाजी निवडत बसली होती. सगळ्यांनी ओळखले, तुझी आईच. आईनेही ओळखले. तिने ते चित्र चौकटीत घालून भिंतीवर लावले, आणि घरात पाऊल टाकील त्याला ती हात धरून तिथे नेत असे. "पोरानं काढलंय. बघा तरी. आणि शाळेत म्हणे हुशार नाही." मी मान खाली घालत असे, लोक त्याला विनय समजत. मास्तरांनी दुरुस्त केले असे मी एकदा सांगायला गेलो, तर ती म्हणाली, "मास्तर सांगतात, काढतं तर लेकरूच ना?" तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मी तोंड मिटले. ती जाईपर्यंत त्या भिंतीसमोर मी पाहुण्यांची शाबासकी घेत राहिलो. त्यानंतर मी पेन्सिल धरली नाही असे नाही, पण धरली की मानेवर कुणाचा तरी श्वास येई. पुढे मी कर्णे आणि वायरी यांच्या धंद्यात शिरलो. मनुष्याच्या आवाजावर कुणी पेन्सिल फिरवू शकत नाही, असा तेव्हा माझा समज होता.

पुढे कन्या त्याच विद्यालयात जाऊ लागली तेव्हा मी काय भोगले असेल याची कल्पना आपण करावी. तिचे कागद मी चोरून नव्हे, तिच्यासमोरच पाहत असे. तिची रेषा बारीक आहे, जरा थरथरणारी, कुठेतरी मध्येच थांबून विचार करणारी. पहिल्या वर्षी कागदावर तिची रेषा पुष्कळ आणि गडद रेषा थोडी होती. हळूहळू गडद वाढली. शेवटच्या वर्षी मला असे दिसू लागले की जिथे त्या गृहस्थांचा हात लागलेलाच नाही तिथेही तिने स्वतःच गडद काढायला सुरुवात केली आहे. मी म्हणालो, ही तुझी रेषा नाही. ती आनंदाने म्हणाली, "हो ना? सरांसारखी झाली ना?" मी उठून बाहेर गेलो आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या परक्या माणसाच्या गाडीला उगीच लाथ मारली. पायाला लागले. गाडीला काही झाले नाही.

चित्रीकरण सुरू झाले. कन्येच्या वर्गातील एक मैत्रीण कॅमेरा सांभाळत असे. ती मला माइककाका म्हणते आणि पहिल्याच दिवशी तिने माझे दोन उत्तम माइक मागून नेले. संध्याकाळी त्या दोघी जेवणाच्या टेबलावर संगणक उघडून दिवसभराचे चित्रण पाहत, आणि माझी पत्नी हातातले काम टाकून त्यांच्या मागे उभी राही. मी समोरच्या खुर्चीत बसून पाहत नसल्याचे दाखवत असे. एका संध्याकाळी पडद्यावर ते गृहस्थ आपल्या घरात खुर्चीवर बसलेले होते. मागे खिडकी होती, तिच्यातून येणाऱ्या उजेडाने त्यांचा चेहरा जवळजवळ काळा झाला होता आणि त्या काळ्या चेहऱ्यातून आवाज येत होता. मला ते दृश्य विलक्षण वाटले. तेवढ्यात ते म्हणाले, "बाळ, कॅमेरा जरा खाली घे. आणि या बाजूला ये. खिडकी मागे नको. हां. बघू." आणि काय आश्चर्य, चित्र खाली आले, बाजूला सरकले, खिडकी नाहीशी झाली, आणि खुर्चीत एक प्रसन्न, उजळ, स्मरणिकेत असतो तसा वृद्ध शिक्षक बसलेला दिसू लागला.

"कॅमेरा कुणी हलवला हा?" मी विचारले.

"सरांनी सांगितलं ना," मैत्रीण म्हणाली.

"मग ही सरांवरची फिल्म आहे की सरांची आहे?"

"बाबा, त्यांना फ्रेम कळते," कन्या म्हणाली. "आमचं चुकलंच होतं."

"सगळ्या जगाचं चुकतं. एकट्या त्यांचंच तेवढं राहिलंय चुकायचं."

पत्नी म्हणाली, "अहो, त्या बिचाऱ्यानं तुमचं काय घोडं मारलंय?"

"मारलं नाही," मी म्हणालो. "दुरुस्त केलं."

मुली हसल्या. त्यांना वाटले मी विनोद केला. पत्नी हसली नाही. तिने तिच्या सासूच्या त्या भिंतीवरच्या चित्राकडे एकदा पाहिले. या बाईला सर्व ठाऊक असते आणि ती काही बोलत नाही, हा माझ्या संसारातील दुसरा छळ आहे. पुढच्या दिवसांत मी ते चित्रण मनातल्या मनात पुनःपुन्हा पाहत असे. कुणाच्या उद्घाटनाला, कुणाच्या क्रीडास्पर्धेला मी खांबाशी उभा राहून 'कृपया शांतता राखावी' असे म्हणत असे आणि डोळ्यांपुढे तो काळा चेहरा उभा राही, जो माझ्या लेकीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता आणि जो आता कुणालाच दिसणार नव्हता. माझी बोटे माइकच्या दांड्यावर दुखेपर्यंत आवळली जात. एकदा एका आयोजकांनी येऊन विचारले, तब्येत बरी आहे ना. मी म्हणालो, उत्तम आहे, आणि ते वाक्य चुकून सर्व मैदानाला ऐकू गेले.

मग तिने मला निवेदनाचे कागद आणून दिले. माझ्या आधी ते कुठे जाऊन आले होते हे मला वासावरूनही कळले असते. ओळीओळीवर गडद पेन्सिल होती. 'आम्हाला वाटते' याचे 'सर्वांना ठाऊक आहे' झाले होते. 'ते कधी कधी वर्गात झोपी जात' याचे 'ते अथक परिश्रम करीत' झाले होते. आणि शेवटच्या पानावर दोन ओळींवरून सरळ, पट्टीने ओढावी तशी एक काट होती. खालचे अक्षर तरीही वाचता येत होते. तिने लिहिले होते: 'सरांच्या घरात सरांनी काढलेले एकही चित्र नाही. आम्ही विचारले, तेव्हा ते म्हणाले, माझी सगळी चित्रे तुमच्या घरी आहेत.'

वाचकहो, मी खुर्चीत ताठ बसलो. जे सांगायला मला इतकी वर्षे शब्द मिळाले नव्हते ते माझ्या पोरीने दोन ओळींत लिहिले होते, आणि तेही त्यांच्याच तोंडून. माल कुठे आहे ते त्यांनी स्वतः कबूल केले होते. मी शक्य तितक्या सहज आवाजात विचारले, "हे का खोडलं?"

"सर म्हणाले नको. म्हणाले, घरातलं घरात राहू दे."

"तुला काय वाटतं?"

ती नखाने टेबलाची कड खरवडत राहिली. "मला... अख्ख्या फिल्ममध्ये तेवढंच वाक्य मला आपोआप सुचलं होतं, बाबा. बाकीचं सगळं मी बनवलंय. पण असू दे. ते म्हणतात तर असू दे."

"तुझं वाक्य आहे."

"फिल्म त्यांची आहे ना पण," ती म्हणाली, आणि बोलून झाल्यावर स्वतःचेच शब्द तिला टोचले असावेत, कारण ती एकदम उठून आत गेली. मी तिथेच ठरवले. हे वाक्य मी वाचणार. तिच्यासाठी वाचणार, असे मी स्वतःला सांगितले, आणि ते पुष्कळ अंशी खरे होते.

ध्वनिमुद्रणाची खोली विद्यालयाच्या तळघरात आहे. तिच्या भिंतींना राखाडी स्पंज लावलेला आहे आणि आत शिरताच कान कुणी ओल्या कापडाने दाबल्यासारखे होतात. माझे सर्व आयुष्य मोठ्या जागांत गेले. मी एक शब्द टाकला की मैदानाच्या टोकाकडून तो परत येतो आणि माझा शब्द मला भेटतो. इथे शब्द ओठांपासून वीतभर गेला की मरून पडत होता. मला कमालीचे उघडे वाटू लागले. काचेपलीकडे कन्या यंत्रावर बसली होती, शेजारी मैत्रीण, आणि त्या दोघींच्या मागे एका स्टुलावर, हातात पेन्सिल घेऊन, ते गृहस्थ. 'नुसतं बघतो' असे म्हणून आले होते. त्यांनी मला ओळखले नाही. मला नमस्कार करून ते म्हणाले, "तुमच्या मुलीकडे नजर आहे हं. फक्त हात अजून बसायचा आहे." मी नमस्कार परत केला.

मी वाचायला लागलो. पहिला परिच्छेद संपण्यापूर्वी कानातल्या यंत्रातून त्यांचा आवाज आला. "जरा हलकं घ्या. मी गेलो नाहीये अजून." मैत्रीण हसली. मी पुन्हा वाचले. "छान. पण 'रेषा' म्हणताना तुम्ही शेवटी हेल काढता. रेषा. नुसतं. बघू." मी 'रेषा' म्हणालो. "अजून एकदा." मी म्हणालो. माझ्या मानेवर, त्या बंद खोलीत, जिथे माझ्याशिवाय कुणीही नव्हते, श्वास आला. माझ्या आवाजावरून पेन्सिल फिरत होती आणि मी ती फिरवू देत होतो, आणि सर्वांत भयंकर गोष्ट अशी की आवाज सुधारत होता. मी स्वतः ते ऐकत होतो. अशा रीतीने आम्ही शेवटच्या पानावर आलो. मी श्वास घेतला आणि खोडलेल्या दोन ओळी वाचल्या.

मग ते म्हणाले, "ते वाक्य गेलंय."

"कुठे?" मी विचारले.

"मी खोडलंय ते."

"मला वाचता येतंय."

"येत असेल. पण नकोय. पुन्हा घेऊ या का? ते सोडून."

मी पुन्हा घेतले, ते न सोडता. त्यांनी शांतपणे, वर्गात सांगावे तसे, पुन्हा सांगितले. तिसऱ्या वेळी मी ते वाक्य अशा आवाजात म्हटले ज्या आवाजात मी मैदानात सापडलेल्या वस्तूच्या मालकाला पुढे येण्याचे आवाहन करतो. 'माझी सगळी चित्रे तुमच्या घरी आहेत.' एकेक शब्द सुटा, खणखणीत, प्रत्येकावर बोट ठेवून. त्या मेलेल्या खोलीतसुद्धा तो आवाज भिंतींना जाऊन लागला असे मला वाटले. माझे सर्वांग हलके झाले होते. अंगात ताप चढावा तसा आनंद चढला होता. आणि मी काचेतून कन्येकडे पाहिले, तिने माझ्याकडे कृतज्ञतेने पाहावे म्हणून.

ती उठून आत आली. तिने माझ्या हातातून तो कागद काढून घेतला. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"हे काय चाललंय, बाबा?"

"तुझं वाक्य वाचतोय. तुला हवं होतं ना?"

"असं?" ती म्हणाली. "हे लिहिताना मला रडू आलं होतं. त्यांच्या घरात नुसत्या रिकाम्या भिंती आहेत आणि हा माणूस हसून म्हणतो, सगळं तुमच्याकडे आहे. आणि तुम्ही ते असं म्हणताय, जसा काही चोर पकडलाय. तुमचं काय भांडण असेल ते तुमच्या शब्दांत करा ना. माझे कशाला घेता?"

दारात ते गृहस्थ येऊन उभे राहिले होते. ते हळुवारपणे म्हणाले, "बाळ, मी म्हणूनच सांगत होतो, ते नकोच."

ती त्यांच्याकडे वळली. त्यांच्याशी ती ज्या आवाजात बोलली तो मी तिच्या तोंडून पूर्वी ऐकला नव्हता आणि त्यांनीही ऐकला नसावा. "सर, तुम्हीपण बाहेर बसा. प्लीज. दोघंही बसा."

अशा प्रकारे आम्ही दोघे तळघराच्या बोळात एका बाकावर बसलो. समोर भिंतीला टेकवून ठेवलेल्या रिकाम्या चौकटी होत्या. ते पेन्सिल बोटांत फिरवत होते आणि मला त्यांची बोटे वाकडी, गाठाळलेली झालेली दिसली. मला त्याचे समाधान वाटले. आपणांपासून मी काही लपवणार नाही. मग मी त्यांना सांगितले. सकाळचा वर्ग, भाजी निवडणारी बाई, कापसासारखा झालेला कागद. मी म्हणालो, "तुम्ही सगळी आई नेलीत. एक कान तेवढा राहिला माझा. आमच्या आईला जन्मभर वाटलं पोरानं काढलंय, आणि त्यात पोराचा नुसता एक कान होता."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटले, विसरले असतील, आणि मी पुढच्या रागाची तयारी केली. पण ते म्हणाले, "डावा. केसांची बट अडकवलेली मागे." मग डोळे उघडून, तुम्हीवरून सरळ तूवर येत, अत्यंत आपुलकीने म्हणाले, "अरे, तो तूच होय? तो कान फार चांगला होता. म्हणून तर मी हात लावला नाही."

वाचकहो, असे ऐकल्यावर मनुष्याचा राग विरघळतो, असे पुस्तकांत असते. माझा वाढला. त्या अख्ख्या चित्रात ती एकच जागा अशी होती जिथे त्यांची नजर पोचली नाही, त्यांच्या हातून निसटली, असे मानून मी इतकी वर्षे जगलो होतो. आता कळले की तीही त्यांनी पाहिली होती, तपासली होती आणि पास करून सोडून दिली होती. माझा तो कानही त्यांच्या परवानगीने माझा होता. मी म्हणालो, "तुम्ही माणूस चांगले आहात हेच तुमचं वाईट आहे." ते हसले आणि म्हणाले, "बायको पण हेच म्हणायची." मला त्यांचे ते हसणे बाकावरून खाली ढकलून द्यावेसे वाटले. तेवढ्यात मैत्रीण दार उघडून म्हणाली, "माइककाका, सर, आज नाही होणार पुढे. ती म्हणतेय तुम्ही घरी जा." आम्ही जिना चढलो. त्यांना दम लागला. मी थांबलो नाही.

त्यानंतर घरात त्या विषयावर शब्द निघाला नाही. कन्या वेळी-अवेळी येई, जेवून परत जाई. मला मुद्रणासाठी पुन्हा बोलावले गेले नाही आणि विचारायला माझी जीभ रेटली नाही. प्रदर्शनाच्या दिवशी विद्यालयाच्या सभागृहात ध्वनियंत्रणा माझीच होती, म्हणून मी मागच्या भिंतीशी यंत्राजवळ उभा राहून पाहिले. पहिल्या रांगेत मध्यभागी ते गृहस्थ. दिवे गेले. मी माझ्या आवाजाची वाट पाहू लागलो. पडद्यावर पहिला चेहरा आला तो काळा, खिडकीपुढचा, नाहीसा केलेला. तिने तो जपून ठेवला होता. आवाज आला नाही. वर्ग आला, मुलांच्या पाठी आल्या, त्यांच्या मागे येऊन उभी राहणारी ती वाकलेली आकृती आली. निवेदन नव्हते. माझे नव्हते, दुसऱ्या कुणाचेही नव्हते. ते गृहस्थ वर्गात खुर्चीवर झोपलेले दिसले, तोंड किंचित उघडे, आणि मुले हळू चालत होती. मग त्यांच्या घराच्या भिंती आल्या. एक रिकामी भिंत, ती बराच वेळ. मग दुसरी. खिळा होता, त्यावर काही नव्हते. सभागृहात कुणी खोकलेसुद्धा नाही. मी यंत्राच्या बटणावर हात ठेवून उभा होतो आणि करण्यासारखे मला काहीही नव्हते. एवढी शांतता मी आयुष्यात कधी कर्ण्यांतून सोडली नव्हती. चित्रपट संपला तेव्हा लोक उभे राहिले, काही डोळे पुसत होते. त्या गृहस्थांना त्यांनी गराडा घातला. मला दुरून फक्त त्यांचे पांढरे डोके दिसत होते. ते हलत होते की हसत होते ते कळत नव्हते.

कन्या गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आली. तिचा चेहरा तापलेला होता. तिला काय सांगायचे ते मी शांततेच्या त्या वेळात तयार करून ठेवले होते. भाषणे ऐकून ऐकून मला अशा प्रसंगाची वाक्ये तोंडपाठ आहेत, आणि या वेळी ती मला मनापासून म्हणायची होती. तिने विचारले, "कशी वाटली?"

मी म्हणालो, "चांगली आहे. शेवट जरा लांबलाय."

शब्द निघून गेल्यावर मला ते ऐकू आले.

ती रागावली नाही. तिला हसू आले, मोठे, मोकळे. "सर पण हेच म्हणाले. आत्ताच. तिथे पुढे."

"मग? तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, लांबू दे."

तिने माझ्या दंडाला एकदा हात लावला आणि ती तिच्या मैत्रिणीकडे निघून गेली. दारापाशी त्या दोघी कशावर तरी पुन्हा हसल्या. मी वायरी काढायला सुरुवात केली.

मी त्या गृहस्थांना क्षमा केलेली नाही आणि करण्याचा विचारही नाही. हे त्यांच्या चाहत्यांनी कृपया नोंद करून घ्यावे. कन्येविषयी मला जे वाटते ते या लेखात कुठेतरी आले असेल. वेगळे मांडायला गेलो तर मी ते बिघडवीन, एवढे मला आता कळते. एका रागीट माणसाजवळ इतका वेळ बसून आपण त्याचे बोलणे मध्ये न अडवता ऐकून घेतलेत, त्याबद्दल मी आपला मनःपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
माइककाका